तीन ठिपक्यांच्या आत

‘तुम्ही कुठला ब्राउझर वापरता?’ हा प्रश्न ओळखीच्या कुणालाही विचारून बघा. सर्वांत जास्त येणारं उत्तर ‘गुगल’. त्याखालोखाल ‘वायफाय’. एका सद्गृहस्थांनी ‘एचपी’ असं सांगितलं आणि मी गप्प राहिलेला पाहून ‘काळा’ अशी पुस्तीही जोडली. यात मराठी माणूस मागे पडला असं समजून कुणी खंतावू नये. २००९ साली खुद्द गुगलच्या माणसांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना ‘ब्राउझर म्हणजे काय?’ असं विचारलं होतं. त्या दिवशी ज्यांना विचारलं त्यांतल्या आठ टक्के लोकांनाही धड सांगता आलं नाही. फरक असलाच तर एवढाच, की आपल्याकडे ‘माहीत नाही’ हे उत्तर संभवत नाही. आपल्याकडे विचारणाऱ्यालाच ‘तुम्हाला नक्की काय म्हणायचंय?’ असं दरडावण्यात येतं.

वीजबिल, रेल्वेचं तिकीट, सातबारा, नातवाचा निकाल, पुतणीसाठी स्थळं आणि गुडघेदुखीवरचा रामबाण उपाय हे सगळं ज्या एका खिडकीतून घरात येतं, त्या ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्यात वर काय आहे हे बघायला कुणाला सवड नाही. तिथे क्रोमला आणि एजला तीन ठिपके असतात, फायरफॉक्सला तीन आडव्या रेषा. या ठिपक्यांवर वर्षानुवर्षं कुणी बोट ठेवलेलं नसतं. काही बिघडलं की बाहेरचा एखादा भाचा बोलावतात आणि म्हणतात, ‘यात काहीतरी टाकून दे रे.’ भाचाही हुशार असतो. तो विंडोज नवीन मारून देतो, दोनचार गोष्टी टाकून देतो, पोहे खाऊन जातो. महिन्याभरात पुन्हा पोहे.

माझं म्हणणं असं, की यातली निम्मी दुखणी कीबोर्डावर बरी होतात, उरलेल्यांतली निम्मी त्या तीन ठिपक्यांच्या आत, आणि त्यानंतर जी शिल्लक राहतील तेवढ्यांसाठीच बाहेरून काही आणून टाकावं. लोक नेमके शेवटाकडून सुरुवात करतात.

टॅबपासून सुरू करू, कारण दुखण्यांचा मोठा वाटा तिथेच आहे. इंटरनेट एक्सप्लोररला टॅब मिळाले ते २००६ साली, सातव्या आवृत्तीत. ऑपेरा आणि फायरफॉक्सकडे ते त्याआधीपासून होते. तोवर प्रत्येक पान वेगळ्या खिडकीत उघडायचं, आणि खाली पट्टीवर खिडक्यांची गर्दी झाली की माणूस आपोआप भानावर यायचा. टॅबांनी ही सोय काढून घेतली. आता गर्दी वरच्या बाजूला, एका ओळीत, गुण्यागोविंदाने होते. टॅब आधी रुंद असतात, मग अरुंद होतात, मग त्यावरचं नाव जातं, मग फक्त चिन्ह उरतं आणि शेवटी कुठला टॅब कशाचा हे फक्त उघडणाराच सांगू शकतो. तोही खोटं सांगतो.

माझ्या एका मित्राचे टॅब मी एकदा त्याच्या परवानगीने वाचून पाहिले. ‘लडाखला जाताना काय काळजी घ्यावी’ हे एक पान होतं. तो लडाखला जाऊन, तिथे आजारी पडून, परत येऊनही बराच काळ लोटला होता. ‘घरच्या घरी चक्का’ होतं. एकाच बँकेची तीन पानं होती आणि तिन्हींवर ‘तुमचं सत्र संपलं आहे’ असं लिहिलं होतं. पहिलीच्या प्रवेशाची सूचना होती; ज्याच्यासाठी ती उघडली तो मुलगा त्या वेळी माझ्या शेजारी बसून दहावीचं भूमितीचं पुस्तक चाळत होता. आणि सगळ्यांत शेवटी ‘ब्राउझरमधले टॅब कमी करण्याचे सोपे उपाय’. तेवढा बंद करू का, म्हणून विचारलं. ‘असू दे,’ तो म्हणाला, ‘नंतर वाचेन.’

फोनवर तर ही गर्दी दिसतही नाही. तिथे क्रोमच्या एका छोट्या चौकोनात फक्त आकडा असतो. तो नव्व्याण्णवपर्यंत इमानाने वाढतो आणि शंभरावा टॅब उघडला की आकडा जाऊन तिथे अक्षर-चिन्हांनी बनवलेला एक आडवा हसरा चेहरा येतो. अभियंत्यांनी मोजणं सोडून दिलं, असा त्याचा अर्थ. काही लोक मात्र तो चेहरा बक्षीस समजतात आणि मिळाला म्हणून दाखवत फिरतात.

लॅपटॉपवर या गर्दीचा खर्च पंखा भरतो. क्रोमने २००८ साली आल्यापासूनच टॅबांना शक्यतो वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये ठेवलं. उद्देश चांगला होता. एक पान कोसळलं तर त्याने बाकीच्यांना सोबत नेऊ नये. पण वेगळं बिऱ्हाड म्हटलं की मेमरीचा खर्चही वेगळा आला. आता तो पंखा विमानासारखा घरघरायला लागला की लोक लॅपटॉपखाली वही सरकवतात, नाहीतर भाच्याला फोन लावतात. त्याऐवजी क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप ही दोन बटणं एकदम दाबावीत. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कुठला टॅब किती मेमरी खातोय याची यादी समोर येते. ‘मेमरी’ या शब्दावर टिचकी मारली की खादाड वर येतात. सर्वांत वर बहुधा साबुदाण्याच्या खिचडीचं पान असतं. खिचडी गरीब असते, पण तिच्याभोवती आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि जाहिराती असतात, त्यांचं ते खाणं. सेटिंग्जमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली मेमरी सेव्हर नावाची सोय आहे, ती चालू केली की न वापरलेले टॅब झोपी जातात आणि बोट लावलं की उठतात. एजमध्येही अशीच निद्रेची व्यवस्था आहे. क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए दाबलं तर उघड्या टॅबांमध्ये शोधता येतं. वर म्हटलेल्या मित्राला मी हे दाखवलं तेव्हा त्याने ‘चक्का’ शोधला. दोन निघाले.

टॅब चुकून बंद होणं हा घरातला एक वेगळाच प्रसंग असतो. अर्ज अर्धा भरलेला, आधार क्रमांक दोनदा तपासून टाकलेला, आणि फुलीवर बोट पडतं. ‘गेलं, सगळं गेलं!’ अशी हाक येते आणि स्वयंपाकघरातून माणसं धावत येतात. अशा वेळी धावत येणाऱ्याने काही न बोलता कंट्रोल-शिफ्ट-टी दाबावं. गेलेला टॅब परत येतो. पुन्हा दाबलं तर त्याआधी गेलेला येतो आणि अख्खी खिडकी बंद झाली असेल तर ती येते. अर्जात भरलेली अक्षरं परत येतीलच असं नाही, पण पान सापडतं आणि रक्तदाब खाली येतो. मी हे करून दाखवलं की वडीलधारी मंडळी माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर मला माझ्या पदव्यांनी कधी मिळवून दिली नाही.

शोधण्याच्या बाबतीत आपला समाज अजून बोटावर आहे. निवड यादी आली, तिची चाळीस पानं, आणि घरातला कर्ता माणूस स्क्रीनवर बोट टेकवून एकेक नाव खाली येतोय, असं दृश्य मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. काचेवर बोटाची रेघ उमटते. कंट्रोल-एफ दाबून आडनाव टाका म्हटलं तर म्हणतात, ‘नको, त्यात सुटलं तर?’ आडनाव जोशी किंवा पाटील असेल तर हरकतीत तथ्य आहे. पण एरवी संगणकाचं वाचन आपल्यापेक्षा बरं असतं.

मराठी यादीत मात्र एक ग्यानबाची मेख आहे. डोळ्यांना स्वच्छ ‘कुलकर्णी’ दिसतंय आणि कंट्रोल-एफ म्हणतं, असं कुणी नाही. याला कारण ती यादी जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असते. वर दिसतं देवनागरी, पण आत फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ असते. फाँट फक्त तिच्यावर मराठी मुखवटा चढवतो. युनिकोड रुळायच्या आधी भारतीय भाषांतली कित्येक वर्तमानपत्रं इंटरनेटवर याच वेषात यायची, आणि बातमी वाचायच्या आधी त्यांचा फाँट उतरवून घ्यावा लागायचा. न घेतला तर मुख्यमंत्र्यांच्या भाषणाच्या जागी चौकोन आणि डॉलरची चिन्हं. फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचं एक ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, निघालं होतं, ते अशा पानांतला मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. भारतीय वाचकाची नेमकी अडचण ओळखून केलेलं इतकं उपयोगी ॲड-ऑन मी दुसरं पाहिलं नाही. वर्तमानपत्रं सुधारली. पण जुन्या फाँटातल्या पीडीएफ अजून सोसायटीच्या नोटिशीपासून संमेलनाच्या पत्रिकेपर्यंत सुखाने नांदताहेत. त्यांच्यापुढे कंट्रोल-एफचा इलाज नाही, तिथे बोटच.

अक्षरं बारीक दिसतात म्हणून स्क्रीनला नाक लावून बसणाऱ्यांना कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह एवढंच सांगायचं. प्रत्येक साइटवर आपण काय आकार ठेवला हे ब्राउझर लक्षात ठेवतो. नको झालं की कंट्रोल-शून्य. आणि ‘आपोआप अक्षरं मोठी झाली, व्हायरस आला’ असा फोन आला तर समजावं, की कंट्रोलच्या बटणावर पुस्तक किंवा मांजर आहे आणि माउसचं चाक फिरलं आहे.

आता जरा गंभीर विषय. बँकेच्या साइटवर जायचं तर पत्ता टाकून जावं, किंवा बँक एकदा बुकमार्क करून ठेवावी, ही साधी गोष्ट. कंट्रोल-डी. पण प्रत्यक्षात काय होतं? वर पत्त्याच्या पट्टीत ‘गुगल’ असं लिहून गुगल उघडतात. त्यात बँकेचं नाव टाकतात. जो पहिला निकाल येतो त्यावर टिचकी मारतात. तो पहिला निकाल ही अनेकदा जाहिरात असते, आणि जाहिरात कुणीही देऊ शकतो. यातलाच जास्त घातक प्रकार म्हणजे ‘कस्टमर केअर नंबर’ शोधणं. भामट्यांनी असे नंबर जागोजागी पेरून ठेवलेले असतात. तिकडून बोलणारा माणूस खऱ्या कस्टमर केअरपेक्षा कितीतरी गोड बोलतो, लगेच फोन उचलतो, मध्ये संगीत ऐकवत नाही. खरं तर एवढ्यावरूनच संशय यायला हवा.

रिझर्व्ह बँकेने यावर एक चांगलं काम केलं. सगळ्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटीवर न्यावेत, असा आदेश काढला. ही शेपटी बँकांनाच मिळते, ऐऱ्यागैऱ्याला नाही. त्यामुळे पत्त्यातल्या ‘https://’नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी काय आहे, तेवढं बघायची सवय लावून घ्यावी. नाव पत्त्याच्या सुरुवातीला बँकेचं आणि शेपटी भलतीच, असं दिसलं तर तिथे थांबू नये. आणि पैसे गेलेच तर १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. नशिबाला दोष देत बसण्याआधी तो लावावा. पहिल्या काही तासांत लावला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

आमच्या इमारतीतल्या अण्णांच्या संगणकावर मध्यंतरी उजव्या खालच्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी पाटी यायची. ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत.’ मग ‘तुमचा आजचा शुभ रंग.’ मग पुन्हा व्हायरस.

‘अण्णा, तुम्ही कुठेतरी अलाऊ म्हणालात.’

‘मी? मी कशाला म्हणेन?’

‘एखाद्या साइटने विचारलं असेल, नोटिफिकेशन पाठवू का म्हणून.’

‘अरे, ती मंडळी इतक्या नम्रपणे विचारतात. नाही कसं म्हणायचं?’

हा आपला संस्कार आहे आणि नेमका तोच त्या लोकांना ठाऊक आहे. दारात आलेल्याला विन्मुख पाठवू नये म्हणून आपण ‘अलाऊ’ म्हणतो आणि मग तो रोज येतो. यात व्हायरस नसतो, तो फक्त एका साइटचा ओरडा असतो. तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे कुणाकुणाला परवानगी दिली त्याची यादी असते. त्यांतल्या सगळ्यांना निरोप द्यावा आणि ‘यापुढे साइट्सना विचारू देऊ नये’ हा पर्याय निवडावा. काहीही टाकावं लागत नाही. अण्णांनी शुभ रंगवाला तेवढा ठेवायला लावला.

असल्या उपद्रवाची वंशावळ मजेशीर आहे. पॉप-अप, म्हणजे न बोलावता उघडणारी जाहिरातीची खिडकी, तिचा कोड ईथन झुकरमन नावाच्या माणसाने नव्वदच्या दशकात ट्रायपॉड या कंपनीत लिहिला. एका मोटार कंपनीला आपली जाहिरात एका अश्लील पानावर झळकल्याचं कळलं आणि ती संतापली. तेव्हा जाहिरातीला त्या पानाचा विटाळ होऊ नये म्हणून तिला वेगळ्या खिडकीत सोवळ्यात बसवण्याची युक्ती निघाली. पुढे त्या सोवळ्याने जगाचा जो छळ मांडला त्याबद्दल झुकरमनने २०१४ साली लेख लिहून माफी मागितली. कुकी, म्हणजे साइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, लू माँटुली यांनी १९९४ साली नेटस्केपमध्ये असताना काढली, ती दुकानातली टोपली साइटच्या लक्षात राहावी एवढ्यासाठी. आज एक चप्पल बघितली तर ती पुढचा पंधरवडा आपल्या मागे चालते, ही त्या सोयीची पुढची पिढी.

इथे मात्र कीबोर्ड आणि तीन ठिपके थोडे कमी पडतात, आणि बाहेरून काही आणण्याची वेळ येते. माझ्या मते पहिला मान जाहिराती अडवणाऱ्या ‘यूब्लॉक ओरिजिन’चा. रेमंड हिल या माणसाने तो लिहिला आणि तो त्यासाठी देणगीसुद्धा घेत नाही. नावातलं ‘ओरिजिन’ नीट बघून घ्यावं. नुसतं ‘यूब्लॉक’ म्हणून जे आहे ते वेगळ्या मालकाचं. दुसरी गोष्ट, गुगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनांचे, म्हणजे ॲड-ऑनांचेच, नियम बदलले, त्यात हा मूळ यूब्लॉक ओरिजिन क्रोममधून बाहेर पडला. तिथे आता त्याचं ‘लाइट’ रूप मिळतं, ते बरं आहे पण धाकटं आहे. फायरफॉक्समध्ये तो अजून पूर्ण ताकदीने चालतो, अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्येसुद्धा. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीने जाहिराती अडवणाऱ्याचे नियम ठरवावेत, यात जे काही आहे ते वाचकाच्या लक्षात आलं असेलच. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन, एवढं बसवून दिलं तर निम्मे ‘अलाऊ’ त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. वर्तमानपत्रं जाहिरातींवर चालतात हे खरं. ज्यांचं मन लावून वाचतो त्यांच्या साइटवर ब्लॉकर बंद ठेवावा, एका बटणाचं काम आहे. लेखकांना मानधन मिळतं ते त्यातूनच, तेव्हा या मुद्द्यावर मी जास्त तटस्थ राहू शकत नाही.

बाकी ॲड-ऑनांच्या बाबतीत माझा हात आखडता आहे. काहीही टाकताना ब्राउझर एक वाक्य दाखवतो: हे तुमचा सर्व साइट्सवरचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकेल. हे वाक्य कुणी वाचत नाही, कारण त्याखालचं बटण निळं असतं. हवामान दाखवणारं एक्स्टेन्शन, नवीन टॅबवर सूर्योदयाचा फोटो दाखवणारं एक्स्टेन्शन, कूपन शोधणारं एक्स्टेन्शन, या सगळ्यांना आपण आपली बँक, आपला मेल आणि वहिनींना लिहिलेलं खोचक उत्तर वाचायची मुभा देतो, ढगाळ आहे की नाही एवढं कळण्यासाठी. खिडकीच्या बाहेर बघितलं तरी चाललं असतं.

आणि धोका सुरुवातीला नसतो, नंतर येतो. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं एक छान, फुकट, प्रामाणिक एक्स्टेन्शन होतं. पडून राहिलेले टॅब झोपवायचं. वीसेक लाख लोक वापरत होते. २०२० साली करणाऱ्याने ते विकलं, कुणाला ते वापरणाऱ्यांना कळलंही नाही. चांगल्या मुलाला खोली द्यावी, त्याने ती परस्पर पोटभाडेकरूला देऊन निघून जावं, आणि किल्ली तीच राहावी, तसा प्रकार. नव्या मालकाचे उद्योग उघडकीला आले आणि फेब्रुवारी २०२१मध्ये गुगलने ते घातक म्हणून एका झटक्यात सगळ्यांकडून काढून टाकलं. त्याबरोबर लोकांचे झोपवलेले टॅबही गेले. जगभर हळहळ झाली. माझ्या मित्राने ते वापरलं असतं तर लडाख आणि दोन्ही चक्के एका दिवसात गेले असते, आणि मला वाटतं त्याला ते कळलंही नसतं.

म्हणून जे टाकायचं ते मोजकं, नावाजलेलं आणि रोज लागणारं. क्रोममध्ये एखाद्या एक्स्टेन्शनला ‘टिचकी मारल्यावरच’ पान वाचायची परवानगी देता येते. ‘सर्व साइट्सवर’ असं असेल ते बदलावं. ज्याला हवामान सांगायचंय त्याने विचारल्यावर सांगावं.

दुसरी टाकण्याजोगी गोष्ट म्हणजे पासवर्ड मॅनेजर. सध्या आपल्या घरांमध्ये हे काम विमा एजंटाने दिवाळीत दिलेली डायरी करते. तीत ‘बँक (जुनी)’, ‘बँक (नवी)’, ‘बँक (नवी, चालू)’ अशा नोंदी असतात आणि पासवर्डमध्ये गणपती, मोठ्या मुलाचं नाव आणि १२३ यांपैकी दोन गोष्टी हमखास येतात. ब्राउझरमध्येही पासवर्ड जपायची सोय असते आणि ती डायरीपेक्षा बरी. पण ‘बिटवॉर्डन’सारखं वेगळं साधन असेल तर फोन, संगणक, कुठलाही ब्राउझर, सगळीकडे चालतं. आपण एकच मोठा पासवर्ड लक्षात ठेवायचा. बाकीचे तो बनवतो, ठेवतो आणि भरतो. पण याचा खरा उपयोग वेगळाच आहे आणि तो कुणी सांगत नाही. बँकेसारखं हुबेहूब दिसणारं नकली पान समोर आलं तर आपले डोळे फसतात. पासवर्ड मॅनेजर मात्र पानाचं तोंड बघत नाही, पत्ता बघतो. पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असला तरी तो गप्प बसतो, काही भरत नाही. रोज आपोआप भरणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर हाताने टाकायची घाई करू नये. तो रुसलेला नसतो.

इनकॉग्निटो खिडकीविषयी गैरसमज फार. पुरुषमंडळींना वाटतं, की ती उघडली की आपण अंतर्धान पावलो. तिचं काम फक्त एवढं, की खिडकी बंद केल्यावर याच संगणकावर त्याचा मागमूस ठेवायचा नाही. ऑफिसचं नेटवर्क, इंटरनेट पुरवणारी कंपनी आणि ती साइट, या सगळ्यांना तुम्ही पूर्ववत दिसत असता. अमेरिकेत यावरून गुगलवर खटला झाला आणि २०२४ साली तडजोडीत अब्जावधी नोंदी नष्ट करायचं गुगलने कबूल केलं. इनकॉग्निटोचा उत्तम उपयोग माझ्या मते सरकारी साइट्ससाठी आहे. अर्ज पुढे सरकत नाही, बटण दाबलं तर काही होत नाही, अशा वेळी तोच पत्ता इनकॉग्निटोत उघडावा. तिथे जुन्या कुकी नसतात आणि एरवीची एक्स्टेन्शनंही सहसा बंद असतात. तिथे चाललं तर दोष आपल्या घरात आहे. एकेक एक्स्टेन्शन बंद करून बघावं. तिथेही नाही चाललं तर दोष त्यांचा, आणि आपण सुखाने चहा घ्यावा. पैसे भरले पण पावती उघडली नाही, असं झालं तर पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला ‘पॉप-अप अडवला’ अशी खूण दिसते का बघावं. आपली पावती बिचारी तिथे अडवलेली असते. फक्त त्या साइटपुरती तिला वाट द्यावी.

राहता राहिलं वाचन. मायक्रोसॉफ्ट एजची लोक चेष्टा करतात. नव्या संगणकात त्याचा उपयोग क्रोम उतरवून घेण्यापुरता होतो आणि मग त्याला कुणी हात लावत नाही. पण त्यात कंट्रोल-शिफ्ट-यू दाबलं की पान मोठ्याने वाचून दाखवायची सोय आहे आणि ती मराठीतही आहे. वाचणारे दोघं आहेत. त्यांची नावं आरोही आणि मनोहर. हे मी गमतीने ठेवलेलं नाही, कंपनीनेच ठेवलं आहे. अण्णांना मी मनोहर लावून दिला. आता ते सकाळी डोळे मिटून अग्रलेख ऐकतात आणि मध्येमध्ये त्याच्याशी वाद घालतात. काकूंचा कल आरोहीकडे आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, अक्षर न लागणाऱ्या, वाचायची हौस दांडगी असलेल्या माणसांसाठी यासारखी गोष्ट नाही, आणि ती बाहेरून टाकावी लागत नाही, आधीपासून आत आहे. फक्त ती वर सांगितलेली जुन्या फाँटातली पीडीएफ मनोहरपुढे ठेवू नये. तो आज्ञाधारक आहे. आत जे काही असेल ते वाचतो, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस ऐकून अण्णांना वाटलं, की याला भोवळ आली.

तेव्हा वाचकहो, हा अंक खाली ठेवण्याआधी एवढंच करा. कोपऱ्यातले तीन ठिपके उघडा, ‘एक्स्टेन्शन्स’वर जा आणि यादी वाचा. ज्याचं नाव ओळखीचं नाही ते काढा. जे ओळखीचं आहे पण गेल्या वर्षभरात लागलं नाही, तेही काढा. नंतर आईवडिलांच्या, सासूसासऱ्यांच्या संगणकावर हेच करा. तिथे यादी लांब असेल, वेळ काढून जा. आणि काढण्याआधी त्यांना विचारा. एखाद्याचा शुभ रंग असतो.